‘नमुने तपासणीला पाठवले’ म्हणजे नेमकं काय केलं?

उन्हाळा तापला की पंचगंगेच्या बातम्या सुरू होतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात एखाद्या बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच, नाकाला रुमाल लावून उभे असलेले गावकरी, आणि शेवटी ठरलेलं वाक्य : ‘पाण्याचे नमुने तपासणीसाठी पाठवण्यात आले आहेत.’ बातमी मसाल्याची असो, मधाची किंवा गुळाची, शेवट हाच. पुढं त्या नमुन्याचं काय होतं ते फारसं कुणी सांगत नाही. काही दिवसांनी ‘०.०३ मिलिग्रॅम प्रति किलो’ असला एखादा आकडा बाहेर येतो. त्यावरून एक बाजू ‘विष’ म्हणून ओरडते आणि दुसरी ‘क्लीन चिट मिळाली’ म्हणून मोकळी होते.

इतके बारीक आकडे देणारं तंत्र अनेकदा एकच असतं : मास स्पेक्ट्रोमेट्री. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत काम करणारे म्हणतील, ‘स्पेक्ट्रो तर आमच्याकडं रोज चालतो.’ तो वेगळा. फौंड्रीतलं यंत्र धातूवर ठिणगी पाडतं आणि निघालेल्या प्रकाशावरून कार्बन, सिलिकॉन, मँगनीज किती ते सांगतं. इथं प्रकाशाचा संबंध नाही. इथं रेणूंचं वजन करतात.

रेणू काट्यावर ठेवायचा कसा?

ठेवता येत नाही, हीच तर अडचण आहे. उसाची ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर उभी करता येते. (काटा खरा की खोटा हा वाद इथं नको.) पण समजा, काटाच नाही. नुसता एक मोठा गुळगुळीत माळ आहे, त्यावर भरलेल्या आणि रिकाम्या ट्रॉल्या एकाच वेगानं सोडल्यात आणि प्रत्येकीला एका ठरावीक जागी बाजूनं सारखाच ओढा बसतोय. रिकामी ट्रॉली चटकन वळेल, भरलेली लांबवर जाऊन सावकाश वळेल. पलीकडच्या टोकाला कोणती कुठं पोचली एवढं पाहिलं, तरी तिच्यात माल किती होता ते सांगता येईल.

यंत्रात हेच होतं. बाजूनं ओढायचं काम चुंबक किंवा विद्युत क्षेत्र करतं. साध्या रेणूवर या ओढीचा परिणाम होत नाही, म्हणून त्याला आधी विद्युतभार देतात. असा भारित कण म्हणजे आयन. वाटेत हवेच्या रेणूंशी धडका बसू नयेत म्हणून आतली हवा जवळजवळ पूर्ण उपसून काढलेली असते. आयन सुटतात, वजनाप्रमाणे वेगळे होतात, पलीकडं मोजले जातात. शेवटी कागदावर कोणत्या वजनाचे किती कण आले याचा आलेख मिळतो. वजनाचं माप इथं डाल्टन : हायड्रोजनचा अणू साधारण १, पाण्याचा रेणू १८, चहातलं कॅफिन १९४, आपली साखर ३४२.

कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. जे. थॉमसन यांना १९१२-१३ च्या सुमारास निऑन वायूत २० आणि २२ अशा दोन वजनांचे अणू दिसले. त्यांचे सहकारी फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी १९१९ मध्ये सुधारित यंत्र उभारलं आणि १९२२ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण त्यानंतर अनेक दशकं हे तंत्र लहान, सहज वाफ होणाऱ्या रेणूंपुरतंच राहिलं. प्रथिनासारखा अवाढव्य रेणू तापवून उडवायला जावं, तर तो उडण्याआधीच मोडायचा.

ही कोंडी फोडणाऱ्यांपैकी दोघांना २००२ चं नोबेल मिळालं. अमेरिकेचे जॉन फेन यांनी द्रावणाचे भारित तुषार उडवून मोठे रेणू न मोडता हवेत आणले. दुसरे जपानचे कोइची तनाका, एका कंपनीत नोकरी करणारे, डॉक्टरेट नसलेले इंजिनिअर. त्यांनी कोबाल्टच्या भुकटीत चुकून ग्लिसरीन मिसळलं. ते टाकून देणं जिवावर आलं, म्हणून तसंच लेसरखाली ठेवलं, आणि मोठे रेणू अखंड उडाले. दवाखान्यांत आणि अन्नाच्या प्रयोगशाळांत आज दिसणारी यंत्रं या दोन युक्त्यांवर बरीच अवलंबून आहेत.

नुसत्या वजनानं माणूस ओळखत नाहीत, मग रेणू कसा ओळखतात?

रास्त शंका आहे. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, दोन्हींचं वजन १८० आणि अणूसुद्धा तेच, फक्त मांडणी वेगळी. नुसत्या वजनावर भिस्त ठेवली तर दोन्हींत फरक कळणार नाही. म्हणून दोन जादा पायऱ्या असतात. पहिली, नमुना आधी एका बारीक नळीतून सोडायचा. नळीतल्या पदार्थाला जास्त चिकटणारे रेणू उशिरा बाहेर पडतात, कमी चिकटणारे लवकर. याला क्रोमॅटोग्राफी म्हणतात. दुसरी, हव्या त्या वजनाचा आयन निवडून तो मुद्दाम फोडायचा आणि तुकड्यांची वजनं करायची. एकाच वजनाचे दोन रेणू बहुधा वेगवेगळ्या जागी फुटतात. वेळ, मूळ वजन आणि तुकडे तिन्ही जुळले, तरच अहवालात त्या पदार्थाचं नाव येतं.

हे सगळं कशासाठी, याचं उत्तर चीनमधल्या २००८ च्या दूध प्रकरणात आहे. दुधातली प्रथिनं मोजायची जुनी पद्धत खरं तर नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनांचा हिशेब करते. भेसळ करणाऱ्यांनी पाणी वाढवलं आणि मेलामाईन टाकलं. प्लास्टिकच्या उद्योगातल्या या पांढऱ्या भुकटीत वजनाच्या सुमारे ६६ टक्के नायट्रोजन असतो. चाचणीत ‘प्रथिनं’ भरपूर दिसली. सुमारे ३ लाख मुलं आजारी पडली आणि सरकारी आकड्यानुसार ६ दगावली. गावच्या दूध संस्थेत रोज फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) लावून घेणाऱ्याला यातली ग्यानबाची मेख लगेच कळेल : दर ज्या आकड्यावर ठरतो, भेसळ तोच आकडा फुगवायला बघते.

मास स्पेक्ट्रोमीटर नायट्रोजनच्या बेरजेत अडकत नाही. मेलामाईनचा आयन १२७ वर दिसतो, फोडला की ८५ आणि ६८ चे तुकडे पडतात. दुधातल्या प्रथिनाचं यात कुठंच नाव नाही. मात्र २००८ च्या आधी दुधात मेलामाईन शोधा असं कुणी सांगितलंच नव्हतं. नेहमीच्या तपासणीत यंत्राला पदार्थांची यादी द्यावी लागते आणि ते यादीतलंच शोधतं. यादीबाहेरचं शोधणाऱ्या पद्धती आहेत, पण त्या वेळखाऊ, महाग आणि जाणकार माणसावर विसंबलेल्या. प्रयोगशाळेनं ‘२०० कीटकनाशकं तपासली, एकही सापडलं नाही’ असं लिहिलं, तर २०१ व्या कीटकनाशकाबद्दल तो अहवाल काहीच बोलत नाही.

मध पकडला जातो, गूळ का सुटतो?

मला या सगळ्या विषयात सर्वांत मजेशीर हीच गोष्ट वाटते, आणि ती थेट आपल्या जिल्ह्याच्या मुळावर येते.

निसर्गातल्या कार्बनमध्ये सुमारे ९८.९ टक्के अणू १२ वजनाचे आणि १.१ टक्के १३ वजनाचे असतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेताना सगळ्या वनस्पती जड कार्बन थोडा टाळतात, पण सारख्या प्रमाणात नाही. भात, गहू, भुईमूग, सोयाबीन आणि बहुतेक फुलझाडं तो जास्त टाळतात. ऊस, मका, ज्वारी कमी. हा फरक हजारात काही एककांचा असतो. ठरलेल्या मापावर (एका प्रमाण नमुन्यापेक्षा जड कार्बन हजारात किती कमी-जास्त) मधाची साखर उणे २५ च्या आसपास येते, तर उसाची उणे ११ च्या आसपास. हे गुणोत्तर मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर वेगळा असतो. मधात उसाची साखर किंवा गुळाचा पाक मिसळला की आकडा उसाकडं सरकतो. त्यातही एक खुबी आहे. मधातच थोडं प्रथिन असतं आणि साखर घालणारा ते बदलू शकत नाही. म्हणून प्रथिनाचा आकडा आणि साखरेचा आकडा एकमेकांशी ताडून बघतात. फरक १ एककाहून जास्त गेला, तर साधारण ७ टक्क्यांहून जास्त उसाची किंवा मक्याची साखर घातली असं धरतात.

मग भेसळवाल्यांनी तांदळाचा पाक वापरायला सुरुवात केली. भात फुलझाडांच्याच गटातला, त्यामुळं ही चाचणी त्याला ओळखतच नाही. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं डिसेंबर २०२० मध्ये मधाबद्दल जो गदारोळ उडवून दिला, तो याच पळवाटेबद्दल होता.

आता गूळ. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गुळात साखर मिसळल्याची ओरड काही थांबलेली नाही. साखर स्वस्त आणि गूळ महाग असला की काहिलीत रसाबरोबर साखरेचं पोतं रिकामं करण्याचा मोह होतो. हे कार्बनवरून पकडता येईल? नाही. रसातली साखरही उसाची आणि पोत्यातलीही उसाचीच. रेणू तोच, वजन ३४२ च, कार्बनचं गुणोत्तरही तेच. कोटीच्या घरातलं यंत्र इथं हात टेकतं.

दुसरा प्रश्न मात्र विचारता येतो. रसातलं पोटॅशियम, मॅग्नेशियम, लोह आणि रंग-चव देणारी फिनॉल वर्गातली द्रव्यं गुळात उतरतात. कारखान्यात साखर शुद्ध होताना ती बहुतेक निघून जातात. म्हणजे साखर मिसळलेल्या गुळात यांचं प्रमाण पातळ पडायला हवं, आणि हे मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर उत्तम आहे. पण पातळ म्हणजे कशाच्या तुलनेत? को ८६०३२ या उसाच्या जातीचा गूळ वेगळा, नदीकाठच्या गाळाच्या रानातला वेगळा, खताचा डोस बदलला की वेगळा. त्यासाठी करवीरपासून पन्हाळा, कागलपर्यंतच्या गुऱ्हाळांवर गुळव्याशेजारी उभं राहून, डोळ्यांदेखत झालेल्या शुद्ध गुळाचे शेकडो नमुने हंगामामागून हंगाम गोळा करावे लागतील. हे कंटाळवाणं काम आहे. उद्घाटनाची फीत त्याला कापता येत नाही. पण ते झाल्याशिवाय नवं यंत्र आणूनही मानांकनाचं रक्षण व्हायचं नाही.

कार्बनचीच युक्ती तालमीतल्या पैलवानांनाही लागू पडते. ताकद वाढवायला कुणी चोरून घेतं ते बाजारातलं कृत्रिम टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन बहुधा सोयाबीनसारख्या वनस्पतीपासून बनवतात. शरीरातलं टेस्टोस्टेरॉन मात्र आपण जे खातो त्याचा कार्बन घेऊन येतं, आणि उसाचं वाडं खाणाऱ्या म्हशीच्या दुधातही उसाचा कार्बन उतरलेला असतो. गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्याच्या अंगात तो जाणारच. बाहेरून टोचलेला हार्मोन लघवीतल्या इतर नैसर्गिक स्टेरॉइडांशी ताडला की वेगळा पडतो.

सापडलं म्हणजे विष का?

इथं एककं समजून घ्यायला हवीत. पीपीएम म्हणजे किलोत एक मिलिग्रॅम, पीपीबी म्हणजे किलोत एक मायक्रोग्रॅम, त्याच्याही हजारावा भाग. दहा हजार लिटरच्या दुधाच्या टँकरमध्ये १ पीपीबी म्हणजे सगळं मिळून सुमारे १० मिलिग्रॅम, तांदळाच्या दाण्यापेक्षाही कमी. आजची यंत्रं अनेक पदार्थ या पातळीला, काही त्याच्याही खाली मोजतात. त्यामुळं ‘सापडलं’ या शब्दाला एकट्यानं फार अर्थ उरलेला नाही. किती सापडलं आणि मर्यादा किती, हे दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय बोलू नये.

आणि मर्यादासुद्धा आकाशातून पडलेली नसते. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरनं काही भारतीय तयार मसाल्यांवर कारवाई केली, ती इथिलीन ऑक्साइडमुळं. मसाल्यातले जंतू मारायला वापरला जाणारा हा वायू कर्करोगकारक आहे, त्याबद्दल वाद नाही. तरी युरोपात मसाल्यासाठी मर्यादा किलोला ०.१ मिलिग्रॅम आणि अमेरिकेत ७. शिवाय हा वायू मसाल्यात मुरल्यावर बराचसा क्लोरोइथेनॉल नावाच्या दुसऱ्या पदार्थात बदलतो. युरोप दोन्हींची बेरीज धरतो, अमेरिका दोन्हींना वेगळ्या मर्यादा लावते. त्यामुळं एकच पुडी एका बंदरात पास होते आणि दुसऱ्या बंदरात नापास. यंत्र दोन्हीकडं तेच सांगतं, कायदा वेगळा प्रश्न विचारतो. घरची चटणी डंकावर कुटून आणणाऱ्यांना या वायूची फारशी चिंता नको. मिरचीवरच्या फवारणीची शंका मात्र त्यांनाही टळत नाही.

उलटी बाजूही आहे. अहवालात ‘आढळले नाही’ असं लिहिलं, तर त्याचा अर्थ शून्य असा नसतो. त्या पद्धतीला दिसेल त्यापेक्षा कमी, एवढाच असतो.

यंत्र फसतं का?

फसतं, आणि कधीकधी फार गमतीदार रीतीनं. धातू शोधणारा मास स्पेक्ट्रोमीटर नमुना आर्गॉन वायूच्या प्रचंड तापलेल्या ज्वाळेत सोडतो. तिथं रेणू मोडून सुटे अणू होतात. आर्सेनिकचं वजन ७५. आता नमुन्यात मीठ असेल, तर त्यातला ३५ चा क्लोरीन ज्वाळेतल्या ४० च्या आर्गॉनला चिकटतो आणि बेरीज होते बरोबर ७५. नुसत्या मिठानं लोणच्यात आर्सेनिक ‘सापडू’ शकतं! यावर उपाय आहे. वाटेत हेलियम सोडला की ही जोडी वेग गमावते आणि मागं पडते, एकटा आर्सेनिक पुढं जातो. पण हे करणारा माणूस हवा. म्हणून चांगली प्रयोगशाळा प्रत्येक खेपेला कोरा नमुना आणि मुद्दाम ठरावीक भेसळ केलेला नमुना सोबत चालवते.

मग मासे कशानं मेले?

पुष्कळदा हे मास स्पेक्ट्रोमीटर सांगू शकणार नाही. सांडपाणी, मळी किंवा इतर सेंद्रिय घाण पाण्यात आली की तिला कुजवणारे जिवाणू पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. पाणी आटलेलं, संथ आणि गरम असेल तर आणखी लवकर. मासे गुदमरतात. इथं मारणारा पदार्थ नाहीच, एका पदार्थाचा अभाव आहे, आणि तो नदीकाठी उभं राहून साध्या मीटरनं दोन मिनिटांत मोजता येतो. दुसऱ्या दिवशी दुपारी भरून मुंबई-पुण्याला पाठवलेल्या बाटलीत त्याचा मागमूस राहत नाही.

रंगातली रसायनं, कीटकनाशकं किंवा शिसं यांचा संशय असेल तर हे तंत्र हवंच. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात शिसं आणि आर्सेनिक, दोन्हींची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, तिथवर पोचायला असलं किंवा इतकंच संवेदनशील यंत्र लागतं. पण त्यातही धातूंसाठी बाटली प्लास्टिकची आणि पाण्यात आम्ल घातलेलं, तर कीटकनाशकांसाठी गडद काच आणि बर्फ. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून नेलेल्या पाण्याचा अहवाल कितीही दशांश स्थळांचा असला, तरी तो बाटलीचा अहवाल आहे.

दवाखान्यात याचं काय काम?

बरंच. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेलं थेंबभर रक्त कागदावर वाळवून तपासतात आणि एकाच चाचणीत अनेक जन्मजात चयापचय विकारांची चाळणी होते. फिनाइलकीटोन्युरियात फिनाइलअ‍ॅलॅनिन रक्तात साचतं. वेळेत कळलं तर आहार बदलून मेंदूचं नुकसान टाळता येतं, उशीर झाला तर ते भरून येत नाही. मोठ्या रुग्णालयांत तनाकांच्या कल्पनेच्या जवळचं तंत्र वापरून जिवाणू काही मिनिटांत ओळखतात. त्याला कोणतं औषध लागू पडेल हे मात्र वेगळ्या चाचणीनंच कळतं. आणि जिवाणू आधी वाढवावा लागतोच, त्यामुळं ‘मिनिटांत निदान’ अशा जाहिराती जपून वाचाव्यात.

आपल्याला तपासणी करून घेता येते का?

येते. खासगी प्रयोगशाळेत द्यायचं असेल, तर एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे का एवढंच विचारून थांबू नका. ही मान्यता ठरावीक चाचण्यांपुरती असते, तेव्हा तुमची चाचणी त्या यादीत आहे का ते बघा. अहवालात पद्धतीचं नाव, मोजता येणारी किमान पातळी आणि कायद्यातली मर्यादा असायला हवी. यातलं काही नसेल तर विचारायला संकोच नको, पैसे तुमचे आहेत. आणि दुधातलं पाणी किंवा गुळातला गंधक यांसाठी हे यंत्र शोधत बसू नका. त्यांच्या स्वस्त चाचण्या जुन्या आणि पुरेशा आहेत.

अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करतात, म्हणजे वाद झाला तर फेरतपासणीला काही उरावं, आणि अन्न विश्लेषकानं १४ दिवसांत अहवाल देणं अपेक्षित असतं. पण २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यातलं कलम ४० फारसं कुणाला ठाऊक नसतं. साधा ग्राहकसुद्धा विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एवढीच, की खरेदी करतानाच विक्रेत्याला तसं सांगायचं. माल नियमात बसत नाही असं निघालं, तर भरलेलं शुल्क परत मिळतं.